नगरसेवक आले, तरी अर्ज कशाला?

जानेवारीपासून सोसायटीच्या गेटवर, भाजीवाल्याकडे, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा मला एकच प्रश्न येतो. "काका, आता नगरसेवक निवडून आलेत. एक फोन केला की काम होतं. तुम्ही अजून अर्ज कसले लिहीत बसता?" इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली. करोनामुळे निवडणूक पुढे गेली, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले, आणि मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली साडेपाच वर्षं प्रशासकांचा कारभार होता. माजी नगरसेवक फोन उचलायचे, पण महासभाच भरत नव्हती, तर ते बोलणार कुठे? त्या वर्षांत मी अर्ज लिहायला शिकलो. त्याआधी लिहायचो, पण येत नव्हता.

तळमजल्यावरच्या आजींमुळे आला. वाशीतली आमची इमारत सिडकोच्या जुन्या इमारतींपैकी. काही पावसांत आजींच्या उंबऱ्यावरून पाणी आत येतं. गव्हाचा डबा, शिलाई मशीन, देव्हारा, सगळं विटांवर चढवलेलं. मी अर्ज केला, "पावसाळ्यात घरात पाणी शिरते, तरी गटार साफ करून मिळावे." गटार साफ झालं. माणसं आली, गाळ काढून काठावर टाकला, वाळल्यावर उचलून नेला. पुढच्या पावसात पाणी पुन्हा घरात. दुसऱ्या वर्षी तारीख बदलून तोच अर्ज दिला. पुन्हा गटार साफ झालं, पुन्हा पाणी आलं.

तेव्हा आजींनी मला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, आणि त्याच्या मागे जपून ठेवलेलं आदल्या वर्षीचंही. पाणी आलं त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने मोजमाप लिहिलेलं. दोन बोटं, चार बोटं, एकदा अख्खी वीत. "तारीख नको बघू, तिथी बघ," त्या म्हणाल्या. अमावास्या, प्रतिपदा, पौर्णिमा, द्वितीया. आजी वाशीगावच्या, कोळ्यांच्या घरातल्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला येते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्या उधाणाच्या वेळेतच पाऊस कोसळला तर पाणी घरात. एरवी कितीही पडो, वाहून जातं.

म्हणजे दोन वर्षं मी चुकीचीच गोष्ट मागत होतो. आपल्या शहराचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलाय. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. नाल्यांचं पाणी तलावात येतं आणि तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरती चढली की तिच्या दाबाने झडप मिटते आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटीला झडप उघडते, तलाव रिकामा होतो. नेरूळला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'भोवती आपण सकाळी फिरायला जातो ना, तो तलाव याच कामाचा. हे मी आजींना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपली उघाडीच की!" खारजमिनीच्या बांधाला शेतकरी अशीच झडप ठेवायचे, तिला उघाडी म्हणतात.

तिसरा अर्ज आजींच्या कॅलेंडरांवरून लिहिला. दोन पावसाळ्यांतल्या नऊ तारखा, प्रत्येकीपुढे पाणी चढल्याची वेळ, किती बोटं, आणि त्या दिवशीची भरतीची वेळ. खाली एकच विनंती, की उधाणाच्या दिवशी भरतीच्या वेळेला येऊन झडप पाहावी. आवक खिडकीवर शिक्का मारून पोच घेतली. कनिष्ठ अभियंता ऐन भरतीला आले, भर पावसात. झडपेच्या कडेत लाकडाचा ओंडका आणि प्लास्टिकच्या गोण्या अडकल्या होत्या. ती पुरती मिटत नव्हती आणि खाडी उलटी आत येत होती. ओंडका निघाला, झडप दुरुस्त झाली. त्या वर्षी आजींच्या कॅलेंडरवर दोनच खुणा पडल्या.

फोनवर आपण "पाणी येतं" एवढंच बोलतो आणि समोरून "माणूस पाठवतो" एवढंच उत्तर येतं. माणूस येतो, गटार साफ करून जातो. नऊ तारखा फोनवर सांगून होत नाहीत. साध्या गोष्टीतही तेच. दिवा बंद असेल तर "शाळेजवळचा" असं लिहू नका, खांबावरचा क्रमांक लिहा. आणि पोच फेकू नका. उत्तर आलं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाला किंवा माहिती अधिकारात तोच आवक क्रमांक आणि तीच तारीख उपयोगी पडते.

नगरसेवक मला हवेच आहेत, फार हवे आहेत. त्या उरलेल्या दोन खुणा तलावातल्या गाळामुळे, गाळाने तलावात पाणी कमी मावतं. गाळात कांदळवन वाढलंय, आणि ते तोडायचं तर मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते. हे काम कनिष्ठ अभियंत्यांच्या टेबलावरचं नाही. महासभेत उभं राहून विचारणं, अंदाजपत्रकात तरतूद मागणं, परवानगीसाठी पाठपुरावा करणं, हे निवडून आलेल्या माणसानेच करावं. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक होता, आता आमच्या प्रभागाला चार आहेत. चौघांनाही मी भेटलो. चौघांच्या हातात अर्जाची एकेक प्रत दिली, सोबत कॅलेंडरच्या पानांची झेरॉक्स. त्यातल्या एका ताई पेन्सिलीच्या खुणांवर बोट ठेवत बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आजींना भेटता येईल का?"

रविवारी त्या येणार आहेत. आजींनी यंदाच्या पावसाळ्यातल्या अमावास्या-पौर्णिमा आत्ताच गोल करून ठेवल्यात.