सावली सरकते, बाक गाडायचे म्हणे

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मूलभूत तंत्रज्ञान शिकवतो, पाबळच्या विज्ञान आश्रमातून आलेला विषय, म्हणजे आठवी ते दहावीच्या पोरांकडून गावाला लागणारी खरी कामं करून घ्यायची. यंदा लिंबाखालच्या वर्गासाठी बाक.

पोरांनी आधी मापं घेतली, गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत. पाचवीची लेकरं १४ इंचाच्या आसपास, नववीची १६ च्या वर, म्हणून बाकांच्या उंच्या दोन. खाली स्क्वेअर पाईप, वर बाभळीच्या फळ्या. कोपऱ्यांना आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, मग कोपरा ते कोपरा तिरपा टेप लावायचा, दोन्ही मापं सारखी आली की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, मगच पक्कं वेल्डिंग, नाहीतर तापून पाईप ओढला जातो आणि बाक जन्मभर डुगडुगतो. त्यात शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, रॉड नुसता चिकटतो. ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगत नाही.

बाक तयार झाले त्या दिवशी शाळा समितीची मंडळी आली. एकजण बसूनसुद्धा न बघता म्हणाले, काँक्रीटमध्ये गाडून टाका, चोरीला जातील.

नववीतली एक पोरगी पुढं झाली. "काका, सकाळी सावली इकडं असती, दुपारून तिकडं जाती. गाडल्यावर आमी उन्हात बसावं का?" आणि तिनं जमिनीवरच्या फक्कीच्या रेघा दाखवल्या. दर तासाला सावलीची कड आखली होती पोरांनी, मलाही पत्ता नव्हता! मागून एक पोरगा म्हणाला, काळी माती हाय, पावसात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती, कुंपणाचे खांब बगा कसे झालेत. सगळे वाकडे, काँक्रीट असूनही.

मंडळींनी कौतुक केलं, फोटो काढले, चहा घेतला आणि जाताना हेडसरांना सांगितलं, गाडाच.

आता चोरीची भीती काही खोटी नाही, हापश्याचा दांडासुद्धा गेलाय इथून. पोरांनी त्यावर बाकांच्या पायांतून साखळी ओवून लिंबाला कुलूप लावायचं काढलं, तर ते किल्ली कुणाकडं राहणार यावर अडलंय, कारण शिपायाची जागा रिकामी. मी म्हटलं नववीकडं द्या, ज्यांनी बाक केले त्यांना किल्ली सांभाळता येत नाही का, तर हेडसर म्हणाले वरून लेखी येऊ द्या.

सिमेंटची गोणी मात्र लगेच आली. स्टोअरमध्ये पडलीय, पावसाची ओल लागली की तिथंच दगड होईल. मी काही ती झाकायला जाणार नाही.