कारंज्याच्या ई-क्लासवरचे सरडे

पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत आम्हाला एकच सरडा दिसला, आणि तोही मेलेला. बाभळीच्या काट्यात मान अडकून लटकलेला, वाळून काटकी झालेला. मामा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "बाई, हेच पाह्याले आली का तू अकोल्यावून, एवढ्या तपनीत?"

तो लटकवला होता खाटीक पक्ष्याने. शिकार काट्याला टोचून ठेवायची त्याची सवय, म्हणूनच हे नाव. मामांना वाटलं मी हिरमुसले. मी मात्र भिंग काढून त्या वाळलेल्या सरड्याच्या मागच्या पायाची बोटं मोजत होते. चार भरली. आपल्या कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्याला मागच्या पायाला पाच बोटं असतात. चार म्हणजे गळ्याला पंखा असलेला, ज्याला सगळे फॅन-थ्रोटेड म्हणतात तो. म्हणजे माळ बरोबर होता, आमची वेळ चुकली होती.

दोन वर्षांपूर्वी मी राजस्थानात ताल छापरला सांडा बघायला गेले होते. बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला, गवत-पाला खाणारा, काटेरी शेपटीचा तो जाडजूड सरडा बघून धन्य झाले आणि घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले की सरडे बघावेत तर वाळवंटात. आमच्या आठवडी बाजारात 'सांड्याचं तेल' विकणारा बसतो, त्यामुळे सांडा इथलाच असं बऱ्याच जणांना वाटतं. तो इथला नाही. पण मुरमाड, उघडा, झुडपी माळ आपल्याकडे कमी आहे का? तो तर मामाच्या वावरामागेच सुरू होतो.

गाव वाशीम जिल्ह्यात, कारंजा लाडच्या जवळ. रेल्वेने येणाऱ्यांनी मुंबई-नागपूर मार्गावर मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून एसटी धरायची. मुक्काम कारंज्यात करता येतो. गुरुमंदिरामुळे भाविकांची सोय आहे, फक्त उत्सवाच्या दिवसांत जागा मिळेल असं धरून चालू नका. शेजारीच काळविटांसाठीचं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, पण आत शिरायचं तर वन खात्याची परवानगी लागते. आम्ही गावच्या ई-क्लासवर, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जमिनीवर, आणि ओळखीच्यांच्या पडीत वावरांतच फिरलो. दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाताना विचारूनच जा. उन्हाळ्यात गळ्यात कॅमेरा लटकवून फिरणारा माणूस गावाला जमीन मोजायला आलेला वाटतो. आम्हालाही दोघांनी "समृद्धीवाले का?" म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला माळावर होतो. या वेळी चाललो नाही, बसलो. मोठ्या दगडांचा ढीग समोर, सूर्य पाठीशी, अंगावर मातकट कपडे. पंधरा मिनिटं काहीच नाही. मामांनी तंबाखू मळली, खाल्ली. मग अचानक एका दगडाच्या टोकावर बोटभर लांबीचं काहीतरी उभं राहिलं आणि त्याच्या गळ्याखाली पांढरी पिशवी फटकन उघडली. तिच्यावर निळसर पट्टा, थोडा केशरी रंग. मिटली. पुन्हा उघडली. पलीकडच्या ढिगावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. मामांच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली.

हे नराचं काम. मेपासून पहिल्या पावसापर्यंत हा कार्यक्रम जोरात असतो. उंच दगड आपला हे दाखवायचं, दुसऱ्या नराला हाकलायचं, मादीला बोलवायचं. मादीला असा पंखा नसतो, पाठीवर मधोमध काळपट चौकटींची रांग असते, आणि ती मुरमात अशी मिसळते की हलली नाही तर दिसतच नाही. पळताना हे सरडे कधी कधी मागच्या दोन पायांवर उभे राहून पळतात. ते बघून मामा लहान पोरासारखे हसले.

इथे थोडं खोलात जाते, कारण गोंधळ इथेच होतो. साताऱ्याच्या चाळकेवाडीचे निळा-काळा-केशरी असे झगमगीत फोटो बघून तुम्ही इकडे याल तर निराश व्हाल. 2016 साली संशोधकांनी या पंखेवाल्या सरड्यांची नव्याने विभागणी केली. मोठ्या रंगीत पंख्याच्या सरड्यांसाठी वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली आणि तिचं नाव ठेवलं सरडा, आपला मराठी शब्दच. लहान, फिकट पंख्याचे राहिले सिताना प्रजातीत. आम्ही पाहिले ते या दुसऱ्या गटातले. फोटो काढायचा तर पंखा पूर्ण उघडलेला, बाजूने काढा. पंखा पोटाच्या दिशेने कुठवर जातो हे त्यात दिसलं पाहिजे. नुसत्या पाठीच्या फोटोवरून कोणीही तुम्हाला ठाम नाव सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

जवळ किती जायचं? आमचे सरडे सात-आठ पावलांवर बुजायचे. चाळकेवाडीच्या पठारावर एक मजेदार गोष्ट आढळली आहे: पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, तिथे सरडे वाढले आणि माणसाला जास्त जवळ येऊ द्यायला लागले. 2018 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आमच्या माळावर शिक्रा आहे, खाटीक आहे, त्यामुळे सरडाही सावध. दुर्बीण असेल तर रांगत जायची गरज नाही.

नऊनंतर दगड तापले तसे सरडे झुडपांच्या सावलीला गेले. दहानंतर मात्र घरी जा. मी पहिल्या दिवशी चूक केली ती हीच: आपल्याला जितकं जास्त ऊन तितका सरडा जास्त, असं वाटतं. त्यांचं रक्त बाहेरच्या उष्णतेवर चालतं, म्हणून सकाळी ते अंग चपटं करून उन्हाला आडवे बसतात, आणि भर दुपारी त्याच उन्हापासून जीव वाचवतात.

परतताना तरवडाच्या मुळाशी आणखी एक सापडला, तांबूस पट्ट्यांचा, शेपूट अंगाच्या दुप्पट. त्याला नीट बघा, तो डोळे मिटत नाही. पापणी हलत नाही, तिच्या जागी काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, सापासारखा. इंग्रजीत त्याला सापाच्या डोळ्याचाच सरडा म्हणतात. दोन सापसुरळ्याही दिसल्या. चकचकीत खवल्यांची सापसुरळी विषारी नसते, हे मामांना पटवायला मात्र आख्खा रस्ता गेला.

वारुळापाशी घोरपडीची पावलं आणि मधोमध शेपटीची नागमोडी रेघ होती. घोरपड काही दिसली नाही. आमच्याकडे तिच्याबद्दल काय काय बोलतात, ती फुंकर मारते, तिचं तेल सांध्यांना चांगलं. खरं एवढंच की ती विषारी नाही आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला मारणं हा गंभीर गुन्हा आहे. 'हत्थाजोडी' म्हणून पूजेच्या दुकानात जे झाडाचं मूळ सांगून विकतात ते बहुतेक वेळा नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. म्हणूनच घोरपड किंवा मांडूळ दिसलं तर फोटोबरोबर गावाचं नाव टाकू नका, मोबाईलमधलं लोकेशन बंद करा. आम्ही वारूळ कुठलं हे घरीही सांगितलं नाही.

रात्री पाली बघायला निघालो तेव्हा सूत्रं मामांच्या हातात गेली. "टॉर्च पायापाशी धर बाई, पुढे नोको. परड दगडाच्या रंगाचीच असते." परड म्हणजे घोणस. फुरसं आणि मण्यारही याच माळावर. घोट्याच्या वर येणारे बूट, हातात काठी, आणि दगड उचलायचा तर पलीकडची कड काठीने वर करा, म्हणजे खाली जे असेल ते तुमच्या अंगावर न येता पलीकडे निघेल. मग दगड होता तसा ठेवा, ते कोणाचं तरी घर आहे. बोटं दगडाखाली घालू नका. आम्हाला एका दगडाखाली पाल मिळाली आणि तीन दगडांखाली विंचू. साप चावलाच तर कापाकापी नको, दोरी आवळणं नको, मांत्रिक तर नकोच. चावलेला भाग हलू न देता 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. मण्यारचा दंश दुखतही नाही, म्हणून "काही झालं नाही" असं म्हणत झोपू नका.

सोबत न्यायचं सामान फार नाही: भिंग, दुर्बीण, माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा. वहीत वेळ आणि जागेचा प्रकार लिहा, मुरूम, काळी माती की दगड. आणि मागच्या पायाची बोटं. चार की पाच एवढं जरी लिहिलं तरी निम्मं काम झालं.

सरडगुहिरा, म्हणजे शॅमेलिऑन, बघायचा तर मे उपयोगाचा नाही. मादी पावसाळा संपता संपता अंडी घालायला झाडावरून जमिनीवर उतरते, तेव्हा तो रस्त्यावर सापडतो, दुर्दैवाने बऱ्याचदा चाकाखाली आलेला. मी ऑक्टोबरात परत जाणार आहे. दुर्बीण तोवर मामांकडेच राहिली आहे. परवा फोनवर म्हणाले, "कुंपणावरचा मोजला. पाच हायेत. धुऱ्यावरचा थांबतच नाही लेकाचा."