लाइट गेली की पाणी का जातं?

मे महिन्यात चार आठवडे कुर्ल्याला होते. आईबाबांच्या घराचं काम काढलं होतं, जुनी वायरिंग, गळकं बाथरूम, नळ, सगळंच, आणि पहिल्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरने बाथरूमच्या माळ्यावरची टाकी दाखवून विचारलं, ताई ही काढून टाकू ना, आता कोण ठेवतं असल्या टाक्या, फॉल्स सीलिंग करून देतो मस्त. आईसुद्धा हो म्हणायच्या बेतात होती. मी म्हटलं, दादा बाकी काय ते सगळं काढा, ही टाकी राहू दे, उलट हिच्यापेक्षा मोठी बसवायचीये. आई म्हणाली, अगं ते दिसतं किती वाईट, आणि तिकडे जपानला कुणाकडे असते का टाकी?

असते आई. त्याचंच हे सगळं लिहितेय.

टोकियोत आम्ही निशी-कासाईला राहतो, आपली भारतीय मंडळी तिथे भरपूर आहेत म्हणून नाव ऐकलं असेल. आमच्या एदोगावा वॉर्डाची जवळजवळ ७०% जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला नदी, समोर समुद्र. २०१९ मध्ये वॉर्ड ऑफिसने पुराचा नकाशा घरोघरी वाटला, त्याच्या कव्हरवर चक्क आमच्या वॉर्डावर लिहिलेलं, इथे थांबू नका. सरकारी नकाशावर इतकं स्पष्ट वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं, आणि वाचल्यावर मला कुर्लाच आठवला, मिठी नदी आठवली.

तिथे संकटाच्या तयारीला बोसाई म्हणतात आणि ते शाळेपासून सुरू होतं. माझ्या लेकीच्या शाळेत खुर्चीच्या पाठीला एक जाड गादीसारखी टोपी अडकवलेली असते, भूकंप झाला की डोक्यावर घ्यायची. १ सप्टेंबर हा बोसाईचा दिवस, १९२३ साली त्याच तारखेला टोकियो-योकोहामा भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झालं होतं. त्या सुमाराला आम्ही पालक शाळेत जाऊन मुलांना रांगेत ताब्यात घ्यायची प्रॅक्टिस करतो, नाव सांगायचं, यादीवर खूण, मगच मूल हातात. घरी माणशी दिवसाला ३ लिटर पाणी, निदान ३ दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं, हे तिथे लहान मुलालाही पाठ असतं.

पण माझं डोकं खऱ्या अर्थाने फिरलं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. १२ तारखेला हागिबिस नावाचं वादळ आलं. आमच्याकडे काही झालं नाही, बाथटब भरून ठेवला आणि रात्रभर वाऱ्याचा आवाज ऐकत बसलो. दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये टोकियोला लागूनच असलेल्या मुसाशी-कोसुगीचा एक ४७ मजली टॉवर दाखवत होते. तळघरात पाणी शिरलं, आणि इलेक्ट्रिक रूम तळघरात. बस. लाइट गेली, लिफ्ट बंद, पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही, टॉयलेट वापरता येईना. भिंतीला तडा नाही, काच फुटलेली नाही, आणि माणसं जिने चढून-उतरून बेजार. इतकी महागडी बिल्डिंग एका खोलीत पाणी शिरल्यामुळे राहण्यालायक राहिली नाही.

आणि बरोब्बर एक वर्षाने, १२ ऑक्टोबर २०२०, मुंबई. सकाळी दहाच्या सुमाराला लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तुम्हाला आठवत असेलच. मुंबईला आयलंडिंगची सोय आहे, म्हणजे बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहराने त्यातून तुटून आपल्या आपल्या वीजकेंद्रांवर बेटासारखं चालत राहायचं. त्या दिवशी ते बेट टिकलं नाही. काही भागात दोन-तीन तासांत लाइट आली, आमच्याकडे संध्याकाळ झाली. मी टोकियोतून बाबांना फोन करतेय, ते म्हणतायत लाइटचं काही नाही गं, पाणी संपलंय. मला कळेचना, लाइट गेली तर पाणी का संपेल? तर आमच्या सोसायटीत पहाटे खालची टाकी भरते, मग पंप दोनदा लावतात, सातला आणि अकराला. अकराचा लागलाच नाही. कोविडमुळे सगळे घरात, दुपारी दोनपर्यंत गच्चीवरची टाकी ठणठणीत. बाबांनी वॉचमनला सांगून खालून दोन बादल्या आणवल्या. लिफ्ट बंद, तीन मजले, त्या माणसाला चढवताना बाबांनाच कसंतरी झालं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घट्ट बसलंय. तानसा-वैतरणेचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून बहुतेक उतारानेच मुंबईत येतं, आणि शेवटच्या पंधरा मीटरला, आपल्या बिल्डिंगमध्ये, विजेवाचून अडतं. आपण स्वयंपूर्ण घर म्हटलं की गच्चीवर सोलार, मागे भाजीचा वाफा, विहीर असलं काहीतरी डोळ्यासमोर आणतो आणि म्हणतो आपल्या वनबीएचकेत कुठे ते. मला वाटतं फ्लॅटमध्ये प्रश्न वेगळाच विचारायचा. एक गोष्ट बंद पडली की तिच्यामागे काय काय बंद पडतं, आणि ती साखळी कुठे तोडता येईल? घराचंच आयलंडिंग म्हणा ना.

म्हणून ती माळ्यावरची टाकी. जुन्या लोकांनी ती उगाच नव्हती ठेवली, तेव्हा पाणी दोन तास यायचं म्हणून ती होती, आणि ती भरलेली असेल तर पुढे काहीही झालं तरी पाणी नुसत्या उताराने खाली येतं, ना पंप ना लाइट. जपानमध्ये बऱ्याच स्वतंत्र घरांत गरम पाण्याची उभी टाकी असते, ३७० नाहीतर ४६० लिटरची, तिला खाली एक छोटा नळ असतो, संकटात त्यातून पाणी काढायचं. तत्त्व तेच. आम्ही आता ३०० लिटरची बसवली. पाणी म्हणजे वजन, ३०० लिटर म्हणजे ३०० किलो, म्हणून आधी माळ्याचा स्लॅब इंजिनिअरला दाखवला, त्याने खाली दोन लोखंडी अँगल द्यायला लावले, हे न करता कुणी टाकी चढवू नका प्लीज. आणि जोडणी अशी केली की बाथरूमचं रोजचं सगळं पाणी त्या टाकीतूनच जातं. बाजूला नुसती भरून ठेवली असती तर पाणी शिळं झालं असतं, डास झाले असते. शॉवरला प्रेशर कमी येतं, पण आईबाबा बादलीनेच आंघोळ करतात. प्यायच्या पाण्याला वीस-वीस लिटरचे दोन कॅन, दोघांना जवळजवळ आठवडाभर पुरतं, दर रविवारी रिकामे करून परत भरायचे. आरओला लाइट लागते, म्हणून कँडलवाला साधा स्टीलचा फिल्टर परत खाली काढला. आणि पूर आला असेल तर खालच्या टाकीतून आलेलं पाणी फिल्टर असो-नसो उकळूनच प्यायचं, गटाराचं पाणी त्यात मिसळायला वेळ लागत नाही.

वायरिंगचं सांगते. इन्व्हर्टर बहुतेकांकडे असतो पण तो कशाला जोडलाय ते बघा. आम्ही भिंती फोडलेल्याच होत्या म्हणून प्रत्येक खोलीत इन्व्हर्टरची वेगळी लाइन ओढून घेतली, एक पंखा, एक दिवा, आणि हॉलमध्ये एक पॉइंट वायफाय आणि मोबाइलला. जुने पंखे ७५ वॅट खायचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी घेतले ते साधारण ३० खातात. आता हिशोब बघा, १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त सारखी उतरवली की लवकर मरते म्हणून ९०० धरा. दोन पंखे, तीन एलईडी आणि राउटर मिळून शंभरेक वॅट, म्हणजे नऊ तास. अख्खी रात्र निघते. जुन्या पंख्यांवर पाच तासांतच संपली असती. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, हे मी ज्याला-त्याला सांगत सुटलेय.

सोलारबद्दल एक गोष्ट मलाही उशिरा कळली. सोसायट्यांमध्ये आता गच्चीवर पॅनल लावतायत, लिफ्ट आणि पंपाचं बिल कमी होतं, चांगलंच आहे, पण ग्रिडला जोडलेलं साधं सोलार लाइट गेली की स्वतःही बंद होतं, भर उन्हात. कारण तसं नाही केलं तर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. म्हणजे बॅटरी आणि हायब्रिड (सोलार, बॅटरी दोन्हीवर चालणारा) इन्व्हर्टर नसेल तर ज्या दिवशी गरज त्याच दिवशी ते उपयोगाचं नाही. जपानमध्ये घरच्या सोलारला बहुधा एक वेगळा सॉकेट देतात, ग्रिड गेलं की हाताने मोड बदलायचा आणि ऊन असेपर्यंत त्या एका सॉकेटवर १५०० वॅटपर्यंत मिळतात, भात शिजतो, फोन चार्ज होतात. तुमच्या सोसायटीत कोटेशन मागवत असतील तर हा एक प्रश्न नक्की विचारा, लाइट गेल्यावर पंप चालणार का?

खाण्याचं मात्र मी तिकडून काहीच आणलेलं नाही. तिथे रोलिंग स्टॉक म्हणतात, रोजचंच खाणं थोडं जास्त भरायचं, जुनं आधी वापरायचं, वापरलं तेवढं परत भरायचं. हे मी आईला कौतुकाने समजावून सांगत होते तर ती म्हणाली, ही आगोटच की. माझी आजी रत्नागिरीची, पाऊस लागायच्या आधी घरात तांदूळ, कुळीथ, सुकी मच्छी, आमसुलं, फणसाचे पापड, लाकूडफाटा सगळं भरलेलं असायचं कारण चार महिने बाहेर पडणं कठीण. म्हणून आता स्वयंपाकघरात एक उभा कप्पा फक्त आगोटीचा, मेतकूट, पोहे, कुळथाचं पीठ, गूळ, दाणे, दूध पावडर. आणि पाइपचा गॅस असला तरी ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि एक शेगडी, कारण इंडक्शन म्हणजे परत लाइटच.

बाबांचं इन्सुलिन हा मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न होता. दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो, पुढे काय? डॉक्टरांना विचारलं. वापरात असलेलं पेन बहुतेक वेळा ३० डिग्रीच्या आत चार आठवडे बाहेर चालतं, काळजी न उघडलेल्यांची. एक छोटं मातीचं मडकं मोठ्यात ठेवून मध्ये ओली वाळू भरली आहे, ऑक्टोबरच्या उन्हात छान गार होतं, पण भर पावसात हवा दमट असते तेव्हा फारसा फरक पडत नाही, म्हणून पावसाळ्यात घरात जादा साठा कमी ठेवायचा आणि सकाळी पेनांच्या शेजारी बर्फाची पिशवी आहे का ते बघायचं. इथे मी अजूनही पूर्ण निश्चिंत नाही.

आणि टॉयलेट. यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मी तेव्हा कॉलेजात होते, दादरहून चालत दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले, छातीपर्यंत पाण्यातून, अनोळखी लोकांनी धरलेल्या दोरीला धरून. घरी आले तर तळमजल्यावरच्या काकू आमच्याकडे येऊन बसलेल्या. त्यांच्या घरात पाणी दारातून नंतर आलं, आधी कमोडमधून वर आलं होतं. खालचे गटाराचे चेंबर भरलेले असताना वरच्या मजल्यांवर आम्ही फ्लश करत होतो ते जाणार कुठे? जपानमध्ये भूकंपानंतर बिल्डिंगचे पाइप तपासल्याशिवाय फ्लश करू नका असं सांगतात, त्यासाठी मैला घट्ट करणाऱ्या पावडरीच्या पिशव्या घरात ठेवतात, माणशी दिवसाला ५ धरून आठवड्याच्या ३५. मी दोघांसाठी ७० नेल्या. पण आईबाबांनी फ्लश न करून भागणार नाही, अख्ख्या विंगने थांबलं पाहिजे, म्हणून सोसायटीला पत्र दिलंय, चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) बसवा आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं की सगळ्यांना मेसेज जाऊ दे.

निघायच्या आदल्या शनिवारी सकाळी आठला मी घराचा मेन स्विच पाडला आणि टाकीत येणारा व्हॉल्व्हही बंद केला. म्हटलं, उद्या सकाळी आठपर्यंत असंच राहू. आईने पिठलं-भात केला. बाबा दुपारभर पंख्याखाली पेपर वाचत होते. रात्री अकराला कळलं की बेसिनचा नळ टाकीला जोडायचाच राहिलाय, तांब्याने हात धुतले, सोमवारी प्लंबर येऊन जोडून गेला. सकाळी टाकीत निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक होतं.

मीटरचा बॉक्स मात्र अजून तळमजल्यावर गुडघ्याच्या उंचीवरच आहे. २००५ ला तो बुडाला होता आणि चौथ्या दिवशी लाइट आली होती. तो वर उचलायचा तर वीज कंपनीची परवानगी आणि सोसायटीचा ठराव दोन्ही लागतं. येत्या मीटिंगमध्ये बाबा तो विषय मांडणार आहेत, तळमजल्याच्या काकूंनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय. मी टोकियोतून व्हिडिओ कॉलवर असेन, तिकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतील.