पेटी लावली, पुढे?

ढोलीत राहणाऱ्या प्राण्यांसाठी झाडांवर लाकडी पेट्या लावायच्या असल्या की माणसं हौसेने येतात, मुलाबाळांना घेऊन येतात. त्याच पेट्या काही वर्षांनी तपासायच्या म्हटलं की शिडी धरायलाही कुणी मिळत नाही. या कामात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात आमचा स्वयंसेवकांचा छोटा गट लेडबीटर पोसमसाठी राबतो. जेमतेम शे-दीडशे ग्रॅम वजनाचा हा निशाचर शिशुधान (पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारा) प्राणी एके काळी नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९३९ च्या वणव्यांनी उरलीसुरली आशाही संपवली होती. मग ३ एप्रिल १९६१ रोजी निसर्ग अभ्यासक एरिक विल्किन्सन यांना तो मेरीसव्हिलच्या परिसरात पुन्हा दिसला. १९७१ पासून तो राज्याचं मानचिन्ह आहे.

त्याची खरी अडचण घराची आहे. पोसमचं कुटुंब ढोलीत राहतं, आणि ऑस्ट्रेलियात ढोली कोरून देणारा सुतार पक्षी नाही. बुरशी, वाळवी आणि आग मिळून खोड आतून पोकळ करतात, तेही अतिशय सावकाश. माउंटन ॲशचं, म्हणजे इथल्या उंच निलगिरीचं, झाड शंभर-सव्वाशे वर्षांचं होईपर्यंत त्यात ढोली धरत नाही. पोसमला मानवेल अशी प्रशस्त ढोली हवी तर आणखी कितीतरी वर्षं जावी लागतात. १९३९ नंतर उगवलेलं रान आज मान वर करून बघावं इतकं उंच आहे, पण ढोलीच्या हिशेबाने ते अजून कोवळंच आहे. त्यात फेब्रुवारी २००९ च्या आगीत पोसमच्या अधिवासाचा फार मोठा भाग जळला. २०२४ च्या सुरुवातीला राज्याच्या नैसर्गिक जंगलातली लाकूडतोड थांबली. त्यासाठी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं झटली होती, मला फार बरं वाटलं. तरी पोकळ झाडं त्यामुळे लगेच वाढणार नाहीत. मधला काळ पेट्यांवर काढायचा आहे.

आणि पेटी म्हणजे घर नव्हे. उन्हापावसाने फळ्या तडकतात, झाकण वाकतं, आत पाणी शिरतं. झाड जाड होत जातं आणि पेटी बांधलेला पट्टा सालीत रुततो. मधमाश्या तर संधीच शोधत असतात. माणसांनी या देशात आणलेल्या या माश्यांनी एकदा पोळं केलं की पोसमला तिथे जागा उरत नाही. आम्ही लांब काठीच्या टोकाला कॅमेरा लावून आत बघतो, प्राण्याला हात लावायचा नाही हा नियम. बहुतेक पेट्या रिकाम्या निघतात. एखादीत मात्र सालीचे बारीक तंतू गोल रचलेले दिसतात आणि मग मी दिवसभर हवेत असते! एवढासा जीव साल सोलून इतक्या उंचावर नेतो.

खाली रोपांचं काम चालूच असतं. पोसम सहसा जमिनीवर उतरत नाही, दाटीतल्या फांद्यांवरून उड्या मारत जातो. म्हणून रानात वॅटलची, म्हणजे इथल्या बाभळीच्या जातीच्या झाडांची, दाटी सलग हवी. वॅटलच्या खोडाचा डिंक हे त्याचं मुख्य खाणंही आहे. वॅटल काही दशकांतच म्हातारं होऊन कोसळतं, त्यामुळे जुनं उभं असतानाच शेजारी नवं लावावं लागतं. सांबर हेही बाहेरून आणलेलं, ते कोवळी रोपं ओरबाडून टाकतं. कुंपण घातलं की कुंपणाची डागडुजी आली. यातलं काहीच एकदा करून संपत नाही.

गेल्या बैठकीत म्हणूनच मी हट्टाने एक ठराव मांडला आणि तो मान्य झाला. यापुढे पेटी लावण्याआधी आमच्या वहीत त्या पेटीसमोर दोन नावं लिहायची: ती तपासणारा एक आणि तो नसेल तेव्हा तपासणारा दुसरा. दोन नावं मिळाली नाहीत तर पेटी गोदामातच राहील. यंदा कमी पेट्या लावल्या जातील, काहींना ते पटलेलंही नाही. मला पटलंय. कुणाला नाव द्यायचं असेल तर जरूर कळवा, झाडावर चढता येत नसेल तरी चालेल.