लेकीचा कोंडा आणि रिठा-शिकेकाई
आज सुट्टी, म्हणून लेकीच्या केसांना निवांत वेळ दिला. रात्री भिजवलेली मेथी वाटली, त्यात दही कालवलं आणि भांग पाडत पाडत थेट टाळूला लावलं. अर्ध्या तासाने रिठा-शिकेकाईच्या कोमट काढ्याने धुतलं. खाज बरीच शमली, पोरगी खूश!

तेल मात्र मुद्दाम टाळलं. कोंडा दिसला की आपल्याकडे आधी तेलाची बाटली निघते. पण कोंड्यामागची मॅलसेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते आणि ती तेलकटपणावरच पोसते.

धुताना डोळे घट्ट मिटायला लावा, रिठा फार झोंबतो. आणि टाळूवर लाल चट्टे किंवा लस दिसली तर घरचे उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.