रेंपा म्हणजे वाटण

२१ मार्च २०२० ला मी मालवणहून सिंगापूरला परतले ती थेट चौदा दिवसांच्या गृहविलगीकरणात. दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. विचारणा झाली की घरातच आहोत याचा फोटो पाठवायचा. फ्रीज रिकामा. किराणा घरपोच देणाऱ्यांच्या सगळ्या वेळा आधीच भरलेल्या. आईने बांधून दिलेलं कुळथाचं पीठ होतं, आमसुलं होती. तीन दिवस पिठी-भातावर काढले.

सहा वर्षं इथे राहून मला चिकन राइस, नारळाच्या दुधातला शेवयांचा लाक्सा आणि रोटी प्राता एवढंच माहीत होतं. ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमधले, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईतले, माझे तीन गाळे ठरलेले, चौथ्याकडे कधी वळलेच नाही. आता बाहेरून मागवणं भाग होतं आणि त्यातून सोमवार आला. सोमवारी मी मासे-मटण खात नाही. शोधता शोधता 'लेइ चा' सापडला, हाक्का या चिनी समाजाचा. भातावर बारीक चिरलेली चवळीची शेंग, पालेभाजी, टोफू, खारवलेला मुळा, भाजलेले शेंगदाणे. सोबत वेगळ्या वाटीत हिरवंगार सार. चहाची पानं, पुदिना, तुळशीच्या जातीतला पाला, तीळ आणि शेंगदाणे कुटून ते करतात. इंग्रजीत याला मेघगर्जनेचा चहा म्हणतात, पण तो नुसता उच्चाराचा घोळ. 'लेइ' म्हणजे इथे कुटणं. मागवताना सुकी मासळी नको असं लिहावं लागतं, नाहीतर वर हमखास पेरलेली असते. पहिला घोट कडसर लागला. तिसऱ्या घोटाला मी सगळं सार भातावर ओतलं.

मग मागवलेला आसाम लाक्सा. तो मलेशियातल्या पेनांगचा, त्यात नारळाचं दूध नाहीच. पहिल्यांदा आला तेव्हा शेवया रश्श्यात फुगून लगदा झालेल्या. पैसे गेले आणि जेवणही. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरीखाली 'रस्सा वेगळा बांधा' लिहायचं हे शिकले. दुसऱ्यांदा नीट आला. वर काकडी, अननस, पुदिना आणि आल्याच्या जातीच्या एका फुलाच्या गुलाबी पाकळ्या. रश्श्यात मासा कुस्करलेला, आणि तो चक्क बांगडा! इथे त्याला केंबुंग म्हणतात. तळाशी एक काळसर चकती होती. चोखली आणि मी खुर्चीवरून उठून बॅगेतली आमसुलं काढली. दोन्ही शेजारी ठेवून चाखली. चकतीचं फळ आसाम गेलुगुर, म्हणजे गार्सिनिया अॅट्रोव्हिरिडिस. आपलं कोकम गार्सिनिया इंडिका. एकाच कुळातली दोन भावंडं. बांगड्याला आंबटपणा हवा हे मालवणात ठरलं तसं पेनांगमध्येही ठरलं होतं. बंद घरात त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

४ एप्रिलला माझे दिवस संपले आणि ७ एप्रिलपासून अख्खं सिंगापूरच बंद झालं. हॉकर सेंटरमध्ये बसून खायला मनाई, फक्त बांधून न्यायचं. रमजानमधला गेलांग सेराईचा बाजारही त्या वर्षी भरला नाही. माझ्या शेजाऱ्यांना त्याची चुटपुट लागली होती. मी ओन्दे-ओन्दे मागवले: चिकट तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्या, आत माडाचा गूळ, बाहेर ओलं खोबरं. दाताखाली गूळ फुटतो. मोदकच, फक्त खोबरं बाहेर आलेलं.

१२ मेपासून घरून पदार्थ करून विकणाऱ्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि एका पेरानाकान, म्हणजे इथल्या जुन्या चिनी-मलाय वळणाच्या घरातल्या, आंटींकडून मी 'आयाम बुआ केलुआक' मागवलं. कोंबडीच्या चिंचेतल्या रश्श्यात काळ्या, टणक बिया. ही बी कच्ची विषारी असते. उकळायची, राखेत आणि मातीत महिनाभराहून जास्त पुरायची, मग पुन्हा कित्येक दिवस भिजवायची, तेव्हा कुठे आतला काळा गर खाण्याजोगा होतो. चव सांगायची तर कारळ्याच्या चटणीचा तेलकटपणा आणि पावसाळी मातीचा वास. छोट्या चमच्याने कोरून काढत मी तासभर जेवले.

आंटींना फोन केला. मसाला विकतचा आहे का, विचारलं.

"विकतचा? रेंपा मी स्वतः कुटते. मिरच्या, छोटे कांदे, हळद, गवती चहाचा बुंधा, बेलाचान." बेलाचान म्हणजे कोळंबीच्या जातीच्या बारीक जवळ्याची आंबवून वाळवलेली वडी.

"आमच्याकडे याला वाटण म्हणतात, आंटी," मी म्हटलं. "माझी आई पाट्यावर वाटते."

पुढच्या वेळी त्यांचा मुलगा डबा ठेवायला आला तेव्हा मी दाराबाहेरच्या चपलांच्या मांडणीवर आमसुलांची पुडी ठेवली होती. संध्याकाळी आंटींचाच फोन.

"माशाच्या रश्श्यात किती घालायची?"

"चार-पाच पुरेत. आणि आंटी, आधी धुऊन घ्या, मीठ असतं."