पेटीचा स्वर

चवथीला बांदोड्याच्या घरी पुतणीने विचारलं, "काका, तू नेमकं करतोस काय?" ती गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मीही तिथलाच. सगळ्या मैत्रिणी सॉफ्टवेअरकडे वळताहेत, तिचं मन मात्र मायक्रोवेव्हच्या, म्हणजे खूप उच्च फ्रिक्वेन्सीच्या रेडिओलहरींच्या, लॅबमध्ये अडकलंय. आरती नुकतीच आटोपली होती, घुमट, आमचं मडक्यासारखं तालवाद्य, अजून माझ्या मांडीवर होतं. "अशाच लहरींची सर्किटं करतो," म्हटलं, आणि मग तिला वेर्ण्याची गोष्ट सांगितली.

वेर्णा औद्योगिक वसाहतीत माझी पहिली नोकरी. 2.4 गिगाहर्ट्झचा ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल मोठा करणारं सर्किट, करायचा होता, गेन (सिग्नलची वाढ) 30 डेसिबल, म्हणजे आत एक मिलिवॅट दिला की बाहेर एक वॅट. टेबलावर बोर्ड सुरेख चालला. ॲल्युमिनियमच्या पेटीत बसवला, तरी सुरेख. पण झाकण लावून स्क्रू आवळले की इनपुटला काही जोडलेलं नसतानाही स्पेक्ट्रम ॲनालायझरवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, उंच सुळका उभा! झाकण काढलं की गायब. तीन दिवस मी कपॅसिटर बदलत होतो, ग्राउंडची भोकं वाढवत होतो.

चौथ्या दिवशी आमचे वरिष्ठ आले. त्यांनी सर्किटकडे पाहिलंच नाही, पट्टी मागितली. "पेटी आतून मोज." लांबी 100 मिलिमीटर, रुंदी 80. "आता हिचा स्वर काढ, ही कुठल्या फ्रिक्वेन्सीला घुमते तो." लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घेऊन 1 ला प्रत्येकीने भागायचं, दोन्ही उत्तरांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, आणि त्याला प्रकाशाच्या निम्म्या वेगाने गुणायचं. उत्तर आलं 2.40 गिगाहर्ट्झ. माझा हात तिथेच थांबला.

झाकण लागताच पेटी बंद पोकळी व्हायची आणि नेमक्या आमच्याच फ्रिक्वेन्सीला घुमायची. आउटपुटची थोडी ऊर्जा त्या पोकळीतून इनपुटला परत पोचायची आणि ॲम्प्लिफायर स्वतःच गाऊ लागायचा. मधोमध धातूची भिंत घातली, खाली बोर्डावरच्या सिग्नल वाहणाऱ्या पट्टीपुरती खाच ठेवली. खोल्या झाल्या 50 बाय 80च्या, स्वर गेला साडेतीन गिगाहर्ट्झच्या वर. सुळका पुन्हा दिसला नाही.

घुमटाचं मोकळं तोंड तळहाताने झाकलं-उघडलं की नाद बदलतो, हे लहानपणापासून माझ्या हाताला ठाऊक होतं. त्या दिवशी ते डोक्याला कळलं, आणि या कामावर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

पुढे सहा वर्षं बंगळुरूला काढली. अशा कामाच्या जागा बऱ्याचशा तिथे नाहीतर हैदराबादला, हे तिला स्पष्ट सांगितलं. आणि हात तयार करायला वेळ लागतो हेही. नेटवर्क ॲनालायझर (सर्किटमधून सिग्नल किती जातो, किती परततो ते मोजणारं यंत्र) कॅलिब्रेट केल्यावर केबल हलवायची नाही. कनेक्टर फिरवायचा तो नट, पिन नव्हे, आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोरानेच. 10 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 30 मिलिमीटर, म्हणजे हवेत एका मिलिमीटरचा फरक पडला की फेज, म्हणजे लहरीची चक्रातली जागा, 12 अंशांनी सरकते. मला या काटेकोरपणातच सुख वाटतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण पेटीची उंची हिशेबात कुठे आली?"

मला इतका आनंद झाला! समोर नेवऱ्यांचा (आमच्याकडच्या करंज्यांचा) बसका चौकोनी डबा होता. त्यावर बोट ठेवून सांगितलं, "सगळ्यात खालच्या स्वरात विद्युतक्षेत्र तळापासून झाकणापर्यंत सरळ उभं असतं, खाली तेवढंच वर. म्हणून बसक्या पेटीची उंची थोडी बदलली तरी तो स्वर हलत नाही, बाय."

तिने नेवऱ्या ताटात काढल्या आणि पट्टी आणायला आत गेली.